गावच्या क्लबला पोरं पुरत नाहीत. मुलाला गेलिक फुटबॉलसाठी किलार्नीला न्यावं का?

चिपळूणचा_शेफ:

नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये शहराबाहेर राहणारे कुणी असतील तर सल्ला हवाय.

आम्ही केरी काउंटीत, आयव्हरा द्वीपकल्पावरच्या एका गावात राहतो. पुढे अटलांटिक, मागे डोंगर. मी हॉटेलात शेफ, बायको नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंट. मुलगा अकरा वर्षांचा. येताना सामानात हौसेने बॅट आणली होती, ती कपाटावर धूळ खातेय. शाळा दोन शिक्षकी. मधल्या सुट्टीत मैदानावर एकच खेळ, गेलिक फुटबॉल. पहिल्या हिवाळ्यात मास्तरांनी त्याला ओढून नेलं आणि आता पोरगा त्यातलाच झालाय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. टीम पंधरा जणांची. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांनंतर एकतर टप्पा द्यायचा नाहीतर चवड्यावरून उडवून परत हातात घ्यायचा. सलग दोन टप्पे चालत नाहीत. गोलाचे खांब वर उंच गेलेले, खाली जाळी. चेंडू आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक पॉइंट, जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून वर मारला तर दोन. ही कमान आमच्या चिरंजीवांनी घरामागे खडूने आखलीय आणि शेजारच्या आजोबांच्या कोबीच्या वाफ्यात रोज दोन-दोन पॉइंट पडतायत.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात क्लबात पालकांची मीटिंग झाली. पुढच्या मोसमात तेरा वर्षांखालची टीम आपल्या एकट्याच्या जिवावर उतरवता येणार नाही, शेजारच्या क्लबबरोबर एकत्र टीम करावी लागेल, असं सेक्रेटरींनी सांगितलं. त्यावर जी शांतता पसरली ती मला कळली नाही. शेजारचा क्लब आठ-दहा मैलांवर आहे, मुलं एकमेकांना ओळखतात. मग एक आजोबा टोपी घालून उठून गेले. बायको म्हणाली, कुणाचं निधन झाल्याची बातमी आली की काय.

माझ्या हॉटेलातला एक सहकारी किलार्नीला राहतो. तो म्हणतो, कशाला या भानगडीत पडतोस, पोराला किलार्नीच्या मोठ्या क्लबात घाल. तिथे कोच चांगले, दर वयाच्या टीमला भरपूर मुलं. गाडीने तासापेक्षा जास्त लागतो, पण माझी ड्यूटी जुळवता येईल.

तर प्रश्न असे. एक, असा क्लब बदलता येतो का? दोन, या खेळात पुढे काही आहे का? पगार मिळत नाही हे ऐकलंय, पण अगदी काहीच नाही? आणि तीन, हे जरा विचित्र वाटेल. बायकोला कॉर्कला नोकरी मिळायची शक्यता आहे. मी पिचवर सहज बोलून गेलो तर कोचचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी दुकानदारीण बाईंनी विचारलं, "तुम्ही चाललात म्हणे?" त्यानंतर पोस्टात पण तेच. अकरा वर्षांच्या एका पोरावरून एवढं काय?

---

सदाशिवपेठी_डब्लिनमध्ये:

प्रश्न दोनचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. काही नाही. शून्य. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ऐंशी हजारांसमोर ऑल-आयर्लंडची, म्हणजे सगळ्या काउंट्यांच्या स्पर्धेची, फायनल खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर बँकेत जातो. मायलेज मिळतं, थोडं सरकारी अनुदान मिळतं, संपलं. गेली अनेक वर्षं मी हे बघतोय आणि मला अजूनही हा सगळा प्रकार अतर्क्य वाटतो. तिकिटाचे पैसे घेणार, टीव्हीचे हक्क विकणार, आणि खेळणाऱ्याला सँडविच.

कॉर्कला जा. किंवा सरळ इकडे या. डब्लिनच्या उपनगरातल्या क्लबात एका वयोगटाच्या चार-चार टीम असतात. डब्लिनने २०१५ ते २०२० सलग सहा वेळा ऑल-आयर्लंड जिंकली, ती काय पाण्याच्या गुणाने नाही. २०२५च्या जानेवारीत क्लबांची ऑल-आयर्लंड जिंकली कुआलाने, तोही डब्लिनचाच. जिथे माणसं आहेत तिथे खेळ आहे. तुमच्या द्वीपकल्पावर मेंढ्या जास्त आहेत.

आणि मुलाला क्रिकेट लावा. लेन्स्टरची लीग चांगली आहे आणि निम्मी टीम आपलीच असते.

---

मिरजेची_मंगल:

पेठेतल्या भाऊंचं हिशेबाच्या दृष्टीने काही चुकत नाही. पण शेफदादा, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते डब्लिनमधून दिसणार नाही. मी वीसेक वर्षांपूर्वी नर्स म्हणून आले ती थेट काहरसिव्हीनला. म्हणजे तुमच्याच बाजूला. दोन मुलं इथेच वाढवली, दोघंही हेच खेळली. त्यामुळे बैठक मारून लिहिते, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी नियम. केरीत पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचा, नियम आहे. ज्या पॅरिशमध्ये घर, त्या पॅरिशच्या क्लबात खेळायचं. तुम्ही क्लब निवडत नाही. घर घेतलंत किंवा भाड्याने राहिलात त्या दिवशीच तो ठरला. किलार्नीसारख्या गावात डॉक्टर क्रोक्स, लीजन, स्पा असे एकमेकांच्या जवळचे तीन क्लब आहेत, तिथे राहणाऱ्यांना थोडी मोकळीक असते. पण इथून उठून तिथे जाऊन खेळायचं, तर बदली मागावी लागते आणि "तिथले कोच चांगले आहेत" हे कारण चालत नाही. खरोखर घर बदललंत तर बदली मिळते. काही लोक मावशीचा पत्ता देतात. तो पकडला जातो, कारण अर्जावर बसलेला माणूस त्या मावशीला ओळखत असतो.

तुमच्या सहकाऱ्याला एक विचारा. केरीचा स्टार डेव्हिड क्लिफर्ड कुठल्या क्लबचा? फॉसाचा. फॉसा म्हणजे किलार्नीच्या वेशीबाहेरचं एवढंसं गाव, क्रोक्सचं मैदान हाकेच्या अंतरावर. २०१७ला मायनरच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, ऑल-आयर्लंड फायनलमध्ये या पोराने एकट्याने चार गोल आणि चार पॉइंट मारले. ऑस्ट्रेलियातले व्यावसायिक क्लब त्याच्या मागे लागले होते. तो गेला नाही. वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून २०२२, २०२३ आणि २०२५ला त्याचीच निवड झाली, आणि २०२२ला तो क्लबासाठी कुठे खेळत होता? ज्युनियरमध्ये. म्हणजे खालच्या पायरीवर, जिथे समोरचा बॅक गवंडी असतो आणि गोलकीपर पन्नाशीकडे झुकलेला. २०२३च्या जानेवारीत फॉसाने ज्युनियर क्लबांची ऑल-आयर्लंड जिंकली, टायरोनच्या स्ट्यूअर्ट्सटाउनला हरवून, क्रोक पार्कवर. डेव्हिडला त्यात लाल कार्ड मिळालं. देशातला सगळ्यात मोठा खेळाडू, पण गावचा सामना म्हटल्यावर डोकं फिरतंच. पाच-सात किलोमीटरवरच्या मोठ्या क्लबात तो कधी गेला नाही आणि जाईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या पोराला तासभर गाडीत बसवून किलार्नीला न्यायचं म्हणता, म्हणून सांगितलं.

आता एकत्र टीम. ते आजोबा टोपी घालून का उठले ते मी सांगू शकते, कारण असे आजोबा आमच्या वॉर्डात रोज असतात. त्यांचे टाके काढताना मी आख्खा इतिहास ऐकलाय. अमक्या साली तुमच्या शेजारच्या क्लबच्या अमक्याने आमच्या अमक्याचा दात पाडला. दात पाडणारा वारला, दात पडलेला वारला, हिशेब शिल्लक आहे. त्या दोन क्लबांच्या पोरांनी एक जर्सी घालायची म्हणजे आजोबांच्या दृष्टीने सगळं संपलं.

पण खरं बघाल तर या भागात एकत्र येणं नवीन नाहीच. केरीची सीनियर चॅम्पियनशिप बहुतेक काउंट्यांपेक्षा वेगळी आहे. मोठे क्लब स्वतःच्या नावाने उतरतात आणि लहान क्लबांची पोरं मिळून विभागाची टीम होते. आपली साउथ केरी. वॉटरव्हिल, ड्रोमिड पीअर्सेस, स्केलिग रेंजर्स, रेनर्ड, व्हॅलेन्शिया, स्नीम, डेरिनेन... वर्षभर एकमेकांच्या नडग्या फोडायच्या आणि शरद ऋतूत एका ड्रेसिंग रूममध्ये बसायचं. क्लिफर्डसुद्धा असाच ईस्ट केरीकडून खेळतो. साउथ केरीने २००४, २००५, २००६ सलग तीन वेळा काउंटी जिंकली, मग २००९ आणि २०१५. आणि केरीत पद्धत अशी की काउंटी चॅम्पियनने काउंटीच्या टीमचा कप्तान द्यायचा. त्यामुळे ड्रोमिडचा डेक्लन ओ'सलिव्हन २००७ला ऑल-आयर्लंडचा सॅम मॅग्वायर कप उचलायला क्रोक पार्कच्या पायऱ्या चढला. ड्रोमिड बघितलंय ना तुम्ही? चर्च, शाळा, मैदान आणि पाऊस. त्या दिवशी इथली सगळी गावं एकमेकांचे दात विसरली होती. फार नाही, महिनाभर.

मुलींचं तर आधीपासूनच एकत्र आहे. माझी लेक सदर्न गेल्सकडून खेळली, ती टीम सगळ्या द्वीपकल्पाची. सुरुवातीला गाडीत कुणी कुणाशी बोलायचं नाही म्हणे. नंतर त्याच पोरी एकमेकींच्या लग्नात.

तिसरा प्रश्न. चेहरे का पडतात.

दादा, कधी तरी सुट्टीच्या दिवशी व्हॅलेन्शिया बेटावर जा आणि जुनं केबल स्टेशन बघा. १८६६मध्ये अटलांटिकखालून अमेरिकेला पहिली टिकाऊ तार गेली ती तिथून. शंभर वर्षं तिथे चांगल्या पगाराच्या नोकऱ्या होत्या. मिक ओ'कॉनेल तिथेच कामाला होता. कोण मिक ओ'कॉनेल, असं आजोबांसमोर मात्र विचारू नका. १९५९चा केरीचा कप्तान, हवेत उडी मारून चेंडू घेण्यात त्याच्यासारखा दुसरा झाला नाही असं इथे मानतात. तेव्हा बेटाला पूल नव्हता. तो वल्ही मारत खाडी ओलांडायचा आणि मग ट्रेनिंगला जायचा. फायनल जिंकल्यावर कप ड्रेसिंग रूममध्येच विसरून घरी आला असंही सांगतात. १९६०मध्ये आमची रेल्वे बंद झाली, १९६६मध्ये केबल स्टेशन. बेटावर पूल झाला तो १९७१ला. तोवर जायचे ते गेले होते.

तरीही एवढ्याशा पट्ट्याने काय माणसं दिली बघा. वॉटरव्हिलचा मिक ओ'ड्वायर, १९७५ ते १९८६ मध्ये केरीला आठ ऑल-आयर्लंड जिंकून देणारा मॅनेजर. २०२५च्या एप्रिलमध्ये गेला. त्या आठवड्यात आमच्या हॉस्पिटलात दुसरा विषय नव्हता. काहरसिव्हीनचा जॅक ओ'शे, सात मेडल. तो पुढे कामानिमित्त किल्डेरमधल्या लीक्सलिपला गेला आणि तिकडे खेळला. काहरसिव्हीनच्याच क्लबचा मॉरिस फिट्झजेराल्ड, १९९७च्या फायनलमध्ये केरीच्या तेरा पॉइंटांपैकी नऊ एकट्याचे. त्या आमच्या काहरसिव्हीनच्या क्लबने, सेंट मेरीजने, २०१६ला इंटरमीडिएट (ज्युनियर आणि सीनियरच्या मधल्या पायरीच्या) क्लबांची ऑल-आयर्लंडही जिंकली. म्हणजे गुण कधीच कमी नव्हते. कमी पडतं ते डोक्यांचं गणित. शाळेत नवीन पोर आलं की इथले लोक आधी विचारतात, "कितवीत आहे?" त्यामागे सगळं असतं. अमुक वयाची टीम अमुक साली होईल की नाही, याचा हिशेब बाळंतपणाच्या वॉर्डातच सुरू होतो.

तुमच्या पोराला वगळलं तर त्या वयात किती उरतात, मोजा. मग दुकानदारीण बाई का विचारतात ते कळेल. ती चौकशी नव्हे, घाबरलीय ती. शाळेच्या पटावरचं एक नाव कमी झालं तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जायची भीती, शाळा गेली तर नवीन घर इथे कुणी घेणार नाही, आणि मग क्लब कशाचा.

पुढे काय आहे याबद्दल. माझा मुलगा इलेक्ट्रिशियन आहे. एकोणीस-वीस वर्षांचा असताना क्लबच्या पहिल्या टीममध्ये आला. दर आठवड्याला मंगळवार, गुरुवार ट्रेनिंग, रविवारी सामना. गुडघ्याचा लिगामेंट गेला, नऊ महिने घरी, परत उभा राहिला. पैसे म्हणाल तर दुखापतीच्या फंडातून थोडे आले, बाकी आमचे गेले. दोन हिवाळ्यांपूर्वी तो आणि त्याच्याबरोबरचे तिघं सिडनीला गेले. जानेवारीत चौघं गेले आणि त्या मोसमात क्लबला दुसरी टीम उतरवता आली नाही. त्याची मला लाज वाटायची, खरंच. दुकानात जाताना मान वर करवत नसे. मग एक दिवस क्लबच्या चेअरमननीच थांबवून विचारलं, "तिथे कुठल्या टीमकडून खेळतो?" मी म्हटलं, सिडनीतही आयरिश पोरांचा क्लब आहे, मेयोवाला कोच आहे. तर म्हणाले, "मेयोवाला? अरे देवा. त्याला सांग, लवकर परत ये."

हेच आहे पुढे. सिडनीत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात राहायला खोली, कामाला साहेब आणि संध्याकाळी बोलायला वीस माणसं, हे सगळं त्याला या खेळाने दिलं. मी मिरजेहून इथे आले तेव्हा मला यातलं काही मिळालं नव्हतं. मुलगा क्लबात जायला लागल्यावर मिळालं.

---

वऱ्हाडी_इन_मेयो:

मंगलताई, मेयोवाला कोच म्हणजे "अरे देवा" काय? :) कॅसलबारहून निषेध. १९९७च्या त्या नऊ पॉइंटांची जखम आमच्याकडे अजून ओली आहे, ती हरलेली टीम आमचीच होती.

शेफभाऊ, मेयोची गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. इथल्यांनी शेवटचा कप जिंकला १९५१ला. १९८९पासून अकरा फायनल हरले. अकरा! त्यात दोनदा बरोबरी करून फेरसामना हरले. लोक म्हणतात शाप आहे. १९५१ची टीम कप घेऊन परत येताना फॉक्सफर्डला अंत्ययात्रेजवळून न थांबता गाजावाजा करत गेली, म्हणून त्या टीममधला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत कप येणार नाही. ही कथा खरी असल्याचा पुरावा कुणाकडे नाही, पण कथेला पुरावा कशाला लागतो. त्या टीममधले शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट २०२१च्या सप्टेंबरमध्ये वारले. मेयो त्याच महिन्यात टायरोनकडून फायनल हरली होती. त्यानंतरही २०२५पर्यंत कप काही आलेला नाही, तेव्हा आता कुणाला दोष द्यायचा ही पंचाईत आहे.

मला सांगायचं ते वेगळंच. आपल्या पोरांना तिथे घेतात का, ही भीती माझ्या बायकोला होती. इथे जवळ बॅलाहडरीन म्हणून गाव आहे. गाव काउंटी रॉसकॉमनमध्ये, पण क्लब मेयोकडून खेळतो, तो एक स्वतंत्र वाद आहे. तिथला शैरोज अक्रम, जन्म पाकिस्तानचा, २०१६ला मेयोच्या एकवीस वर्षांखालच्या टीमकडून ऑल-आयर्लंड जिंकला. तुमच्या केरीत ट्रलीच्या ना गेलचा स्टेफन ओकुनबोर आहे. आमच्या लेकीला पहिल्या वर्षी एका बाहेरच्या टीमच्या मुलीने काहीतरी वाईट बोललं. आमच्या कोचबाईंनी सामना तिथेच थांबवला, रेफरीला बोलावलं आणि पुढचं त्यांनी बघितलं. सगळं गोडगोड असतं असं मी म्हणणार नाही, पण एकटं सोडत नाहीत.

---

सदाशिवपेठी_डब्लिनमध्ये:

शैरोज अक्रम एक झाला. निव्वळ आकडे बघा, आपल्या किती मुलांना काउंटी टीम मिळणार आहे?

---

वऱ्हाडी_इन_मेयो:

आयरिश मुलांपैकी किती जणांना मिळते, भाऊ? कॅसलबारच्या माझ्या गल्लीत शून्य. तरी रविवारी गल्ली रिकामी असते.

---

चिपळूणचा_शेफ:

सगळ्यांचे आभार. मंगलताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं, ती मधेच चहा ठेवायला उठली म्हणजे तिला पटलं असावं.

किलार्नीचा विचार सोडला. फॉसाची गोष्ट मुलाला सांगितली तर म्हणाला, "मला माहितीय, बाबा. सगळ्यांना माहितीय." तुम्हाला एवढंही माहीत नाही, असा सूर होता.

कॉर्कचं अजून ठरलेलं नाही. दोन-तीन महिन्यांत कळेल. पण आता एक नवीनच प्रकार झालाय. एकत्र टीमची जर्सी कुठल्या रंगाची, यावर पालकांचे दोन गट पडलेत. शेजारच्या क्लबचा रंग घालणार नाही, असं काही जण म्हणतात. आमच्या चिरंजीवांनीही जेवताना जाहीर केलं की तो त्या रंगाची जर्सी घालणार नाही. अरे, तू चिपळूणचा! मला हसू आवरेना. मग जरा वेळाने हसू गेलं.

मला विचारायचं होतं की मी स्वतः काही करू शकतो का. मी आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही. मीटिंगला गेलो की मागच्या रांगेत बसतो. कोचिंग वगैरे जमणार नाही, पण नुसतं पोराला सोडायचं आणि गाडीत मोबाइल बघत बसायचं हे आता बरं दिसत नाही.

---

मिरजेची_मंगल:

मागच्या रांगेतून उठलात तर निम्मं काम झालं.

रंगाच्या भांडणात अजिबात पडू नका. ते दोन्ही गटांना हवं असलेलं भांडण आहे. शेवटी तिसराच रंग घेतील आणि तोही सगळ्यांना नावडेल, म्हणजे मिटलं.

तुमच्याकडून क्लबला काय हवंय ते मी सांगते. लहान मुलांच्या सामन्यानंतर दोन्ही टीमना काहीतरी खायला द्यायची पद्धत असते. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं तेच कॉकटेल सॉसेज आणि हॅम सँडविच. एकत्र टीमच्या पहिल्या ट्रेनिंगला दोन्ही गावांचे पालक पिचच्या दोन टोकांना उभे राहतील, हे मी लिहून देते. तिथे मधोमध टेबल लावा. भजी करा, वडापाव करा, तिखट बेताने. टेबलापर्यंत यायचं तर दोन्ही बाजूंना चालावं लागेल. मी माझ्या वेळेला साबुदाणा वडे नेले होते, त्याला आमचे चेअरमन अजून "ते पांढरे गोळे" म्हणतात, पण दर वर्षी मागतात.

दुसरं, पिचवर मुलांबरोबर काहीही करायचं असेल, नुसते खुणेचे प्लास्टिकचे शंकू मांडायचे असले तरी, आधी गार्डांची, म्हणजे इथल्या पोलिसांची, पडताळणी आणि बालसुरक्षेचा एक छोटा कोर्स लागतो. क्लबात त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो, त्याला विचारा. पडताळणीला वेळ लागतो, भारतातले जुने पत्ते मागतात, ते शोधून ठेवा. त्यानंतर पहिल्या पातळीचा कोचिंग कोर्स करता येतो. चेंडूला लाथ न मारलेल्या माणसालाही येतो, मी केलाय. बारा वर्षांखालच्या मुलांना तसं फार शिकवायचं नसतं. त्या वयाच्या सामन्यांचा पाया हाच की आलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळालं पाहिजे, गुणतक्ता ठेवत नाहीत. तुमच्यासारख्याला तेच वय बरं.

तिसरं, लोट्टो. दर आठवड्याची क्लबची सोडत. तिकिटं विकायला कुणीच तयार नसतं. हॉटेलात काउंटरवर डबा ठेवायला मालक तयार होतो का बघा. पिचच्या दिव्यांचं बिल त्यातून भरलं जातं.

कॉर्कबद्दल पिचवर आता काही बोलू नका. ठरलं की कोचला आधी सांगा, दुकानात नंतर. आणि गेलात तरी तिथेही पहिल्या आठवड्यात जवळच्या क्लबात जा, बदलीचा अर्ज तेच भरून देतील.

सभासद नोंदणी फॉइरन ॲपवरून होते. नवीन मोसमाची नोंदणी आणि पैसे भरल्याशिवाय मुलाला ट्रेनिंगला उतरवू नका, नाहीतर दुखापत झाली तर फंडातून काही मिळत नाही. आणि दातांचा गार्ड दोन घ्या. एक पहिल्याच आठवड्यात हरवतो.